शेवटचं नीट कधी बोलल्या?

हातातला बत्ता निसटून फरशीवर पडला तेव्हा मला पहिल्यांदा माझाच राग आला. शेंगदाण्याची चटणी कुटत होते. खलबत्ता घेऊन स्वयंपाकघरात खालीच बसले होते. बत्ता उचलायला गेले तर उजव्या हाताची बोटं त्याच्यावर टेकली, पण मिटली नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोटं माझी होती, बांगड्याही माझ्याच होत्या, पण हुकूम कुठेतरी मधेच अडकत होता.

म्हटलं, मुंग्या आल्या असतील. डाव्या हाताने उजवा हात चोळला, तर कुणा दुसऱ्याचाच हात चोळल्यासारखं वाटलं. मग मी तोंडाने "अगं बाई" म्हणायला गेले. आपण एकटे असलो तरी म्हणतोच ना. तोंडातून काहीतरी निघालं, पण ते "अगं बाई" नव्हतं. ओल्या मातीत पाय रुतावा तसा एक आवाज होता. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा तसाच आवाज.

तेव्हा मी घाबरले. तोवरचं आयुष्य मी आवाजावर काढलेलं. इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी प्राथमिक शिक्षिका होते, शेळगाव, निरवांगी, आणखी दोन वाड्यावस्त्या. चौथीचा वर्ग पटांगणाच्या पलीकडून गप्प करायचे, असं गावात अजून सांगतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सत्तरी आली, तरी रस्त्यात बाप्ये माणसं मला बघून विडी लपवतात. आणि आता घरात बसून मला दोन शब्द उच्चारता येत नव्हते.

घरात कुणी नव्हतं. आमचे मालक सकाळीच निरवांगीला त्यांच्या बहिणीकडे गेलेले. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते. आमची एकुलती मुलगी पुण्याला असते. तिच्याशी मी थोड्या वेळापूर्वीच फोनवर बोलले होते आणि फोन ओट्यावर ठेवून खाली बसले होते. तो ओटा आता मला पहिल्या मजल्यासारखा उंच वाटायला लागला. उठायचा प्रयत्न केला तर उजवा पाय आलाच नाही. मी कपाटाला पाठ टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसून राहिले.

बाहेर सगळं नेहमीसारखं चाललेलं. कुणाच्या तरी मोटारीचं पाणी पाटाने वाहत होतं. रस्त्यावरून उसाची जोडट्रॉली गाणी लावून गेली. मला हाक मारता येत नव्हती. मेले तर असं सापडायचं, चटणीच्या शेजारी, हा विचार आला आणि त्यापाठोपाठ त्याहून वाईट विचार आला की मेले नाही तर काय.

तात्या आले तेव्हा गाडी स्टँडवर लावल्याचा आवाज मी ऐकला. ते आत आले, मला खाली बसलेली बघून म्हणाले, "घसरलीस व्हय? फरशी ओली ठिवती न् मग..."

मी बोलायचा प्रयत्न केला. सगळी ताकद लावून. तोच तो ओला आवाज निघाला.

तात्यांना कमी ऐकू येतं. डाव्या कानाने जवळजवळ नाहीच. ते खाली वाकले, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "मोठ्यानं बोल की. न्हाय आयकू येत मला."

मी पुन्हा आवाज काढला. ते म्हणाले, "आजून मोठ्यानं."

ती वेळ मी विसरणार नाही. हा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसलाय, कानावर हात धरून, आणि त्याला वाटतंय की दोष त्याच्या कानात आहे. मला ओरडून सांगायचं होतं, तुमचे कान ठीक आहेत हो, माझं तोंड गेलंय. तेच तर सांगता येत नव्हतं. शेवटी मी डाव्या हाताने माझा उजवा हात उचलला आणि त्यांच्यासमोर सोडून दिला. तो मांडीवर धप्पकन पडला. तात्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तसेच उठून दारात जाऊन शेजारच्यांना हाक मारली. इतकी मोठी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

शेजारचा धावत आला. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता त्याला स्वतःची दोन पोरं आहेत. मागोमाग त्याची बायको. तिने मला बघितलं आणि दारातच थांबली.

"तात्या, बाईंचं तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली. "लकवा हाय ह्यो."

तात्या म्हणाले, "पाणी दिऊ का तिला? साखर घालून?"

"काय सुदीक दिऊ नका," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "गाडी काढा. आमी मामंजींना तेल चोळत बसलो हुतो, सकाळ हुस्तवर. आता बघताय न्हवं त्यांची दशा? गाडी काढा आदी."

तिचा सासरा मी रोज बघत होते. अंगणात बाजेवर असायचा. सून भरवायची, तेव्हा अर्धी पेज बाहेर यायची. तो माझ्याकडे बघून रडायचा आणि मला कळायचं नाही की तो मला ओळखून रडतोय की उगाच. मी त्याच्यासमोरून पटकन निघून जायचे. आता मला कपाटाला टेकून बसल्या बसल्या त्याची बाज दिसायला लागली.

इंदापूर की बारामती, यावर दारातच थोडा वाद झाला. शेजाऱ्याने ओळखीच्या एका डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मधे कुठे थांबू नका, जिथे सीटी स्कॅनची सोय आहे तिथे थेट न्या. मग बारामती ठरली. मला दोघांनी उचलून बोलेरोत मागच्या सीटवर घातलं. माझं डोकं शेजारणीच्या मांडीवर होतं. तिच्या लुगड्याला शेणाचा आणि कोथिंबिरीचा वास होता, तो मला अजून आठवतो. तात्या पुढे बसले. दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचे आणि पुन्हा पुढे बघायचे. माझा फोन ओट्यावरच राहिला. घराला कुलूप लावलं की नाही, हेही कुणाला आठवत नव्हतं.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही बराच वेळ रांगत होतो. उसाचे शेंडे खिडकीतून मला दिसत होते, हलत होते. शेजारी हॉर्न वाजवून वाजवून दमला.

"एमआयडीसीवरनं घेतो," तो म्हणाला. "गावातनं गेलो तर अडकू."

पण तिकडे पाळी बदलायची वेळ झालेली. मोटारसायकलींची रांगच्या रांग गेटातून बाहेर पडत होती, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकवून. त्यातल्या एकाने काचेतून आत बघितलं, मला बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी शेजारणीच्या सासऱ्यासमोर वळवायचे, अगदी तशी.

मी मनातल्या मनात वंदना म्हणायला लागले. आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. आईने शिकवलेली, तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. मनात ती सरळ चालत होती, एकही शब्द अडखळत नव्हता. त्यामुळे तर जास्तच भीती वाटली. आत सगळं जागेवर आहे आणि दार बाहेरून कुणी लावून घेतलंय, असं.

दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा मला स्ट्रेचरवर घेतलं. आता सगळं जग छताचं झालं. ट्यूबलाइट, पंखा, ट्यूबलाइट, कुणाची तरी हनुवटी. कुणी बोटाला चिमटा लावला, कुणी दंडाला पट्टा गुंडाळला, कुणी सुई टोचली. शेजारच्या पडद्याआड कुणीतरी सारखं "आई गं, आई गं" करत होतं, म्हातारा आवाज होता. मला त्याचा हेवा वाटला. त्याला "आई गं" म्हणता येत होतं.

एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्यावर वाकली. "आजी, नाव काय तुमचं?"

नाव मला माहीत होतं. जिभेपर्यंत आलं. बाहेर पडलं ते "टे... टे..."

"बरं. हा हात वर करा. दोन्ही. हं. आता हसून दाखवा."

मी हसले. ती माझ्या हसण्याकडे अशा तऱ्हेने बघत होती की ते कसं दिसत असेल ते मला कळलं.

मग ती तात्यांशी बोलायला वळली आणि मी डोळे मिटले. का कोण जाणे, ओठ हलवून बघावेत असं वाटलं. आणि तोंडातून स्पष्ट, खणखणीत निघालं, "बुद्धं सरणं गच्छामि."

सगळे थांबले. शेजारीण म्हणाली, "बोलल्या की बाई!" तात्यांना मात्र एवढंच दिसलं की माझे डोळे मिटलेत आणि ओठांवर वंदना आहे. ते पडद्याची सळई धरून मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, मी निघाले.

डॉक्टरबाईंनी माझा खांदा हलवला. "आजी, नाव सांगा आता."

"टे... टे..."

"पाठ असलेलं कधीकधी येतं," ती सिस्टरला म्हणाली. "गाणं, प्रार्थना, आकडे. स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. चला, स्कॅनला घ्या." तात्यांना तिने हाताला धरून उठवलं. "बाबा, त्या शुद्धीत आहेत. घाबरू नका." तात्यांनी मान हलवली. त्यांना त्यातलं किती ऐकू आलं असेल, कुणास ठाऊक.

स्कॅनच्या यंत्रात गेले. हलायचं नाही म्हणाले. हलायला माझ्यापाशी होतं तरी काय, अर्धंच अंग. परत आणलं तेव्हा डॉक्टरबाई फोनवर कुणा मोठ्या डॉक्टरशी बोलत होती. मग ती तात्यांपाशी आली.

"बाबा, डोक्यात रक्तस्राव दिसत नाही, ही चांगली गोष्ट आहे. म्हणजे गुठळी अडकलेली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं. उशीर झाल्यावर दिलं तर फायदा नाही, उलट धोका. म्हणून मला सांगा, ह्या शेवटचं नीट कधी बोलल्या? कधी चांगल्या होत्या?"

तात्यांनी कानावर हात धरला. तिने पुन्हा मोठ्याने विचारलं.

"सकाळी," तात्या म्हणाले. "म्या निरवांगीला निगालो तवा चांगली हुती की. च्या करून दिला तिनं."

"सकाळी किती वाजता?"

"दिस नुकता वर आला हुता. सात-आठ आसतील."

"त्यानंतर तुम्ही घरी आलात तेव्हाच बघितलंत? मधे कुणी बघितलं नाही?" तिने शेजाऱ्यांकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, आम्ही सगळे रानात होतो, सोयाबीनच्या जागी गहू आहे, त्याला पाणी देत होतो, तात्यांनी हाक मारली तेव्हा नुकतेच घरी आलो होतो.

डॉक्टरबाईने कागदावर वेळ लिहिली. मग म्हणाली, "सकाळपासून धरावं लागेल मग. तसं असेल तर वेळ निघून गेलीय. बाकीचे उपचार करू आपण, पण ते इंजेक्शन नाही देता येणार." आणि ती फोन कानाला लावून कोपऱ्यात गेली.

मी ऐकलं. सगळं ऐकलं, शब्द न् शब्द. वेळ निघून गेली नव्हती. मी मुलीशी फोनवर बोलले होते, जेवणाच्या आधी, चटणीला बसायच्या अगदी आधी. चांगलं खणखणीत बोलले होते. हे जगात दोघींना माहीत होतं. एक मी, आणि एक ती, पुण्यात आपल्या ऑफिसात बसलेली, जिला अजून कुणी काही कळवलेलंच नव्हतं. तात्यांनी गडबडीत तिला फोन केला नव्हता, आणि उगाच कशाला घाबरवा म्हणूनही केला नसेल.

मला बाज दिसली. अंगण दिसलं. तोंडातून बाहेर येणारी पेज दिसली. मी स्ट्रेचरच्या कठड्यावर डावा हात आपटायला सुरुवात केली.

"आजी, शांत राहा," सिस्टर म्हणाली. "सुई निघंल."

मी आपटतच राहिले. तोंडातून नको ते आवाज निघत होते. तात्या जवळ आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा फोन होता, तो बटणांचा साधा. मी खिसाच धरला. फोन धरला. कानाशी नेल्याची खूण केली.

तात्या माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पिळवटला. "लेकीला बघायचंय व्हय तुला?" ते म्हणाले. "लेकीला बघायचंय?" आणि रडायला लागले. तोंडावर उपरणं धरून, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना वाटलं, मी शेवटची भेट मागतेय.

"नातेवाइकांनी बाहेर थांबा आता," सिस्टर म्हणाली. "एक कुणीतरी थांबा. आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

तात्या वळले. मी त्यांचा सदरा सोडला नाही. वरचं बटण तुटून खाली पडलं. एवढी ताकद त्या एका हातात कुठून आली मला माहीत नाही. तात्या बाहेर गेले असते तर मी संपले होते, एवढंच कळत होतं.

शेजारीण पुढे झाली. "तात्या, लावा की फोन," ती म्हणाली. "आवाज तरी आयकू द्या त्यास्नी लेकीचा." तिने स्वतःच तात्यांच्या खिशातून फोन घेतला, मुलीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला, कारण तात्यांना तसंही फोनवर ऐकू येत नाही.

घंटी बराच वेळ वाजली. मग मुलीचा आवाज आला, "हं दादा, बोला." तिच्या बापाला ती दादा म्हणते.

शेजारणीने सांगितलं, असं असं झालंय, बारामतीला आणलंय.

"असं कसं?" मुलगी ओरडली. "मी बोलले की तिच्याशी आज! जेवायच्या सुट्टीच्या आधी बोलले. चांगली बोलत होती ती. चटणी कुटायला बसतेय म्हणाली. मला रागावलीसुद्धा, दिवाळीपासून आली नाहीस म्हणून. आत्ता कशी आहे ती? कुणीतरी बोला!"

सिस्टरच्या हातात सलाईनची बाटली होती. तिने ती तशीच खाटेवर ठेवली आणि "मॅडम!" म्हणून पळाली.

डॉक्टरबाई आली, तिने फोन हातात घेतला. "किती वाजता बोललात? नक्की? तुमच्या मोबाइलमध्ये बघून सांगा. अडखळत होत्या का? शब्द चुकत होते?"

"नाही हो. माझ्यापेक्षा जास्त बोलत होती."

डॉक्टरबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, हेच सांगत होतात का तुम्ही?"

मी मान हलवली. हलवतच राहिले. डोळ्यातून पाणी कानात जात होतं.

"मग वेळ आहे अजून," ती म्हणाली. "जास्त नाही, पण आहे."

आता भीती संपली असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. इंजेक्शनचे धोके सांगितल्याशिवाय ते देता येत नाही, आणि ते सांगायचे होते तात्यांना. डॉक्टरबाई आधी हळू बोलली. तात्या म्हणाले, "आँ?" ती जरा मोठ्याने बोलली. तात्या पुन्हा, "आँ?" शेवटी तिला सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडावं लागलं, "बाबा, ह्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो! सगळ्यांना होत नाही! पण झाला तर जिवावर बेतू शकतं!"

पडद्याआडचा "आई गं" करणारा म्हातारासुद्धा गप्प झाला. मी तिथेच पडलेले होते, दोन हातांच्या अंतरावर.

तात्यांना या वेळी ऐकू आलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग माझ्याकडे आले, वाकले. दुपारपासून माझ्याबद्दल सगळे बोलत होते, माझ्यावरून बोलत होते. तात्यांनी पहिल्यांदा मला विचारलं.

"देऊ द्यायचं का?" ते म्हणाले. "तू सांग. मला न्हाय कळत."

मी त्यांचा हात दाबला. ते म्हणाले, "व्हय म्हणती का?" मी पुन्हा दाबला. मग त्यांनी सही केली.

औषध एका यंत्रातून हळूहळू जात होतं. मला आयसीयूत हलवलं. तिथे तात्यांना आत बसू देत नव्हते. दारापाशी येऊन ते मला दिसतील असे उभे राहायचे, कुणीतरी हटवेपर्यंत. दर थोड्या वेळाने सिस्टर यायची, डोळ्यात बॅटरी मारायची, हात उचला, पाय उचला म्हणायची. उजव्या पायाचा अंगठा हलला तेव्हा ती "व्वा आजी" म्हणाली. मला वाटलं, आता सुटले.

आणि संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं.

आधी कपाळाला थोडं. मग मागे. मी ऐकलं होतं, सगळ्या कॅज्युअल्टीने ऐकलं होतं, काय होऊ शकतं ते. एका सिस्टरने दुसरीला सांगितलेलंही ऐकलं होतं की डोकं दुखलं, उलटी झाली तर लगेच कळवायचं. पण कळवायचं मी होतं. मी पडल्या पडल्या हिशोब करत होते की हे रडून दुखतंय, उपाशी आहे म्हणून दुखतंय, की आत रक्त सांडतंय. रक्त सांडताना कसं वाटत असेल? गरम लागत असेल का? प्रत्येक ठोक्याला वाटायचं, हे वाढलं. मग वाटायचं, नाही वाढलं.

बाजूच्या यंत्राचा आवाज सारखा टुंग टुंग चाललेला. मी हात उचलला आणि कपाळावर मारला. कुणी बघितलं नाही. पुन्हा मारला. शेवटी मारतच राहिले, तेव्हा सिस्टर धावत आली. "काय होतंय आजी? डोकं? डोकं दुखतंय?" मी मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते बघितलं.

पुन्हा यंत्रात नेलं. नेताना तात्या दारात होते. त्यांना कुणी काही सांगितलं नसावं. ते स्ट्रेचरबरोबर चालायला लागले, माझा पाय धरून, पांघरुणावरूनच. लिफ्टपर्यंत आले. लिफ्टचं दार लागलं तेव्हा त्यांचा हात सुटला. मी मनात म्हटलं, हे शेवटचं बघून घे. उपरणं, पांढरी दाढीची खुंटं, तुटलेल्या बटणाचा सदरा.

रक्त नव्हतं. डॉक्टरबाईने स्वतः येऊन सांगितलं. रडल्याने आणि उपाशीपणाने दुखत असेल, म्हणाली. तिची ड्यूटी केव्हाच संपली होती, तिच्या खांद्याला पर्स होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण एक हात सुईत होता आणि दुसरा अजून माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आत आली. ती रात्रीच पोचली होती आणि बाहेर बाकड्यावर बसून होती. मला तहान लागली होती. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "खडू."

शब्द स्पष्ट होता. पाठ नसलेला, माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द. मुलगी एकदम हसली, मग तिचा चेहरा पडला. "काय आई? खडू?"

मला पाणी हवं होतं. पाणी, पाणी, असं मनात म्हणत होते आणि बाहेर "खडू" पडत होतं. दोनदा, तीनदा. मी बोट दाखवलं तेव्हा तिला कळलं. घोट घेऊ द्यायच्या आधी सिस्टरने गिळता येतंय का ते तपासलं. पहिला चमचा गेला, ठसका लागला नाही. तो चमचा तोंडाकडे येताना मी डोळे गच्च मिटले होते.

पुढचे दिवस असेच गेले. "हो" म्हणायचं तिथे "नाही" निघायचं, आणि तात्यांना वाटायचं मला खरंच जेवायला नको आहे. पाय आधी परत आला, मग शब्द, मग हात. सोडलं तेव्हा मी वॉकर धरून दारापर्यंत चालत गेले. डॉक्टरबाई म्हणाली, बोलायचा सराव रोज करा, मोठ्याने वाचा, लाजू नका. सांगितल्याप्रमाणे घरी आल्यावर मी पहिलीचं पुस्तक मागवलं. अंगणात बसून वाचायचे आणि पलीकडच्या बाजेवरून शेजारणीचा सासरा ऐकायचा. आता मी त्याच्यासमोरून पटकन निघून जात नाही. जवळ बसते. तो रडला तर रडू देते. माझ्यात आणि त्याच्यात एका फोनचं अंतर होतं, हे मला माहीत आहे.

लोक म्हणतात, बाई बऱ्या झाल्या. बरी झालेच आहे. जोडाक्षर आलं की अजून जीभ अडते, सही वाकडी येते, पण बोलते, रागावते, भाकरी थापते. भीती मात्र गेली नाही. तात्या आता दुपारी मला सोडून कुठे जात नाहीत, त्यावरून आमची भांडणं होतात. मी त्यांना रानात हाकलते, आणि ते फाटकाबाहेर गेले की मी भांड्याकुंड्यांची नावं मोठ्याने घ्यायला लागते. तवा, परात, उलथनं, पोळपाट. सगळी आली की कामाला लागते.

परवाच दुपारी जराशी आडवी झाले होते. उठले तर उजवा हात बधिर. उचलायला गेले तर लोंबकळला. मी जी ओरडले ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. शेजारी बोलेरोची किल्ली घेऊनच आला, बायको अर्ध्या भांड्यांवरून उठून आली, तात्या रानातून चिखलाच्या पायांनी धावत आले. शेजारीण म्हणाली, "बाई, नाव सांगा तुमचं."

मी सांगितलं. माहेरचं, सासरचं, दोन्ही.

"हसा बघू."

मला हसता येईना, रडूच यायला लागलं. तोवर हातात मुंग्या भरल्या आणि बोटं एकेक करून हलायला लागली. हात अंगाखाली अडकला होता, दुसरं काही नाही. शेजारी किल्ली खिशात घालून ओसरीवर बसला. तात्या पायरीवर बसले, धापा टाकत, चिखल तसाच. मग शेजारीणच आत गेली, चहा टाकला आणि आतून विचारलं, "बाई, साखर कुठं ठिवलीया?"

"फडताळात," मी म्हणाले. मग खात्री नसल्यासारखी पुन्हा म्हणाले, "फडताळात, वरच्या खणात."